बादलीतलं टोकन

पुण्यात बाणेर रस्त्यावरच्या कुठल्याही बऱ्याशा हॉटेलात शुक्रवारी रात्री चार सॉफ्टवेअर इंजिनीअर जेवून उठायला लागले की बिलावरून ओढाताण सुरू होते. ‘थांब, मी भरतो.’ ‘अरे नाही, गेल्या वेळी तूच भरलंस.’ वेटर मशीन हातात धरून उभा असतो, त्याला वाटत असणार, काय ही मैत्री! आमच्या आजोबांच्या पिढीतही चहाच्या बिलावरून अशी ओढाताण व्हायची, पण त्यांना खरोखर पैसे द्यायचे असायचे. आम्हाला द्यायचे नसतात. बिल ज्याच्या कार्डावर जाईल त्याला सगळ्या रकमेवरचे पॉइंट मिळतात, आणि बाकीचे तिघं हॉटेलच्या पायऱ्या उतरायच्या आत आपापला वाटा त्याला यूपीआय करून मोकळे होतात. एकदा एकाने ‘आज माझ्याकडून’ म्हणून खरंच सगळ्यांचे पैसे भरले, तेव्हा आम्ही तिघंही जरा गोंधळलो होतो.

हा उद्योग मी गेली चार वर्षं करतोय. माझ्याकडे चार क्रेडिट कार्डं आहेत आणि एक एक्सेल फाइल. कुठल्या कार्डावर किराणा, कुठल्यावर पेट्रोल नाही, कुठल्यावर विम्याचा हप्ता घातला तर पॉइंट मिळत नाहीत, कुठल्या तारखेच्या आत किती खर्च झाला की वार्षिक फी माफ होते, हे सगळं त्यात आहे. बरेच महिने मी घरभाडंही एक टक्का आकार भरून कार्डावर घातलं. मामेबहिणीच्या लग्नात हॉलचं बिल मी माझ्या कार्डावर भरलं आणि मामाने मला तेवढे पैसे पाठवले. मामा अजून नातेवाइकांत सांगतो की भाच्याने लग्नात फार धावपळ केली. धावपळ केलीच होती. तो खर्च ३१ तारखेच्या आत बसायला हवा होता.

हे सांगतोय कारण पुढे जे लिहिणार आहे ते बाहेर उभं राहून मारलेले दगड नाहीत. पॉइंट गोळा करून आरामाचा प्रवास करायला माझा विरोध नाही. मी तो केला आहे, पुन्हा करेन. माझं भांडण एका शब्दाशी आहे, आणि तो शब्द ‘फुकट’ हा आहे.

गेल्या जुलैत मी आई-पप्पांना सिंगापूरला नेलं. जुलैत, कारण पावसाळ्यात रंगाच्या धंद्याला मंदी असते. कराडला आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे, आणि नवरात्र ते दिवाळी पप्पा स्वतःच्या लग्नालाही गेले नसते अशी परिस्थिती असते. मुंबईहून जाताना रात्रीचं विमान, बिझनेस क्लास, तिघांचे मिळून जवळजवळ १,३०,००० माइल्स आणि वर कर रोख. येताना साधा क्लास, कारण तेवढेच पॉइंट होते. दोघांचाही हा पहिला विमानप्रवास.

आईला ते प्रकरण फारसं रुचलं नाही. खुर्ची मोठी, पण दोन खुर्च्यांच्या मध्ये एवढी भिंत की शेजारचा माणूस दिसत नाही. दर पंधरा मिनिटांनी ती पुढे वाकून बघायची, पप्पा आहेत ना. ‘एवढे पैसे घेऊन नवरा-बायकोला वेगळं बसवतात होय?’ असं तिने मला विचारलं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पप्पा मात्र झोपले. वीस लिटरची रंगाची बादली पंचवीस-तीस किलोची भरते. तीस वर्षं अशा बादल्या उचलून त्यांची कंबर गेली आहे. एसटीने स्वारगेटला उतरले की दहा मिनिटं खांबाला धरून उभे राहतात, मग चालायला लागतात. त्या रात्री ते साडेचार तास उताणे झोपले आणि सकाळी विमानातून उतरून सरळ चालत गेले. आरामाचं कौतुक म्हणजे चैन, असं ज्यांना वाटतं त्यांनी माणसाचं हे चालणं पाहायला हवं होतं. मी ते पाहिलं, म्हणून आरामाविरुद्ध मला कुणी काही सांगू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी इडली खाताना (लिटल इंडियात, आईच्या आग्रहावरून) पप्पांनी विचारलं, ‘ते तिकीट कितीचं होतं?’

‘फुकट. पॉइंटवर.’

‘फुकट कोण देतं?’

मग मी त्यांना दहा मिनिटं सगळं समजावलं. कार्ड, खर्च, पॉइंट, पॉइंटांचे माइल्स. ऐकता ऐकता त्यांनी चटणी संपवली आणि म्हणाले, ‘म्हंजे बादलीतलं टोकन.’

ज्यांचं घर रंगाच्या दुकानावर चाललेलं नाही त्यांना हे सांगावं लागेल. रंगाच्या बादलीचं झाकण उघडलं की आत एक टोकन असायचं. ते रंगाऱ्याचं. रंगारी टोकनं साठवतो आणि त्यांचे पैसे किंवा वस्तू घेतो. आता टोकनाच्या जागी कोड स्कॅन करून मोबाइलवर पॉइंट मिळतात, पण आमच्याकडे अजून सगळे टोकनच म्हणतात. रंगाचे पैसे घरमालक देतो. कुठल्या कंपनीचा रंग आणायचा ते रंगारी सांगतो. घरमालकाला वाटतं, हा माझ्या भिंतीच्या भल्यासाठी सांगतोय. रंगाऱ्याच्या डोक्यात भिंतही असते आणि टोकनही असतं, आणि त्यात त्याची काही फार मोठी चूक नाही, कारण त्याची मजुरी मुळात कमी असते. बादलीच्या किमतीत टोकन धरलेलं असतं एवढंच. घरमालकाला ते कधी दिसत नाही, कारण झाकण उघडतो रंगारी.

‘तू रंगारी झालास,’ पप्पा म्हणाले. ‘मग घरमालक कोण?’

मी म्हणालो, बँक देते. ते हसले. त्यांनी पुढे विचारलं नाही आणि मीही विषय वाढवला नाही.

परत आल्यावर आठवडाभरात ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर एसटीचा विषय निघाला. महाराष्ट्रात मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. त्याआधी ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे. २०२४मध्ये लाडकी बहीण आली, महिन्याला १,५०० रुपये. आमच्या टेबलावर या सगळ्याला एकच नाव आहे, रेवडी. ‘आपण टॅक्स भरायचा आणि यांनी फुकट फिरायचं,’ असं एक जण म्हणाला. हाच माणूस दोन महिन्यांपूर्वी पॉइंटांवर व्हिएतनामला जाऊन आला होता आणि त्याने फोटोखाली लिहिलं होतं, ‘एक रुपयाही न देता.’ मी तिथेच बसलो होतो आणि गप्प बसलो. त्याच आठवड्यात आई अर्ध्या तिकिटात कराडहून स्वारगेटला आली होती, माझ्यासाठी खोबऱ्याच्या वड्या घेऊन.

हा लेख खरं तर त्या गप्प बसण्याबद्दल आहे.

एसटीच्या अर्ध्या तिकिटाबद्दल तुमचं मत काहीही असो. ती योजना चांगली की वाईट, महामंडळाला परवडते की नाही, मतांसाठी आहे की नाही, यावर भांडता येतं, आणि लोक भांडतातच. भांडता येतं कारण ती उघड्यावर आहे. सरकारने जाहीर केली, सवलतीचे पैसे महामंडळाला द्यायचे ते राज्याच्या तिजोरीतून, ते अर्थसंकल्पात दिसतात, विरोधी पक्ष त्यावर बोलतो, वर्तमानपत्रं अग्रलेख लिहितात. भारतीय रेल्वे तर काही वर्षं तुमच्या तिकिटावरच छापत होती की प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच रक्कम ती प्रवाशाकडून वसूल करते. स्लीपर क्लासने जाणाऱ्याला उन्हाळ्यात घामाघूम होऊन, बाथरूमच्या दारात उभं राहून हेही वाचायचं की तुझं ओझं इतरांवर आहे. माझ्या कार्डाच्या मासिक स्टेटमेंटवर असं कुणी कधी छापलं नाही. तिथे छापलेलं असतं, ‘अभिनंदन, या महिन्यात तुम्ही ४,१२० पॉइंट कमावले.’ क्रियापद बघा. एसटीतली बाई सवलत ‘घेते’, मी पॉइंट ‘कमावतो’.

आता घरमालक कोण ते सांगतो. मला ते गेल्या दिवाळीत कळलं, आणि कळलं म्हणजे आकड्याने कळलं. तत्त्व म्हणून ते मला आधीही माहीत होतं. इंजिनीअरला तत्त्व माहीत असतं.

दिवाळीआधीच्या गर्दीत मी दोन दिवस गल्ल्यावर बसलो होतो. मलकापूरकडचं एक गिऱ्हाईक आलं, नवा बंगला, आतला-बाहेरचा सगळा रंग, प्रायमर, पुट्टी धरून ३८,००० रुपये बिल. त्याने पाकिटातून कार्ड काढून काउंटरच्या काचेवर ठेवलं आणि त्याचा ‘टक्क’ असा आवाज झाला. धातूचं कार्ड. माझ्याकडचंच. आम्ही दोघांनी एकमेकांकडे ओळखीचं हसून घेतलं, जसं एकाच कॉलेजचे लोक हसतात. पप्पांनी मशीनवर कार्ड लावलं.

दुसऱ्या दिवशी खात्यात जमा झाले ३७,१०३ रुपये. दोन टक्के बँकेचा आकार, म्हणजे ७६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. जीएसटी पुढे वळता होतो, तो सोडा. ७६० गेले ते गेले. रंगावर पप्पांना पाचेक टक्के सुटतात. त्यातूनच दुकानाचं भाडं, पोऱ्याचा पगार, टेम्पो, उधारी बुडते ती. ३८,००० वर १,९०० सुटायचे, त्यातले ७६० एका ‘टक्क’ आवाजात गेले. त्यातला एक भाग मशीन देणाऱ्या बँकेचा, थोडा कार्डाच्या जाळ्याचा, आणि सगळ्यात मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेचा. त्या हिश्श्यातून मलकापूरच्या त्या सद्‌गृहस्थाला पॉइंट मिळाले असणार. तो कुठेतरी आडवा झोपून जाईल. जावं. त्याच्याही कंबरेचं काही असेल.

मी पप्पांना विचारलं, ‘असे महिन्याला किती जातात?’ त्यांनी वही काढली नाही. त्यांना तोंडपाठ होतं. आणि मग ते म्हणाले, ‘तुला काय वाटलं, मला तवा कळलं नव्हतं?’

वेगळे पैसे का लावत नाही, असं तुम्ही विचाराल. बँकेशी झालेल्या करारात सहसा लिहिलेलं असतं की कार्डाचा आकार गिऱ्हाइकावर टाकू नका. तरी पुष्कळ दुकानदार ‘कार्ड असेल तर दोन टक्के वर’ म्हणतात, आणि आमच्यासारखे पॉइंटवाले त्यांच्याशी हिरिरीने वाद घालतात, नियम दाखवतात, तक्रारीची धमकी देतात. मी स्वतः घातलाय असा वाद, लक्ष्मी रोडवर, एका मिक्सरवरून. जिंकलोही होतो. मग दुकानदाराने काय करायचं? सगळ्यांचीच किंमत थोडी वाढवायची. म्हणजे जो रोख देतो, जो यूपीआय करतो (त्यावर जानेवारी २०२०पासून दुकानदाराला आकार नाही), जो उधारीवर नेऊन सुगीला आणून देतो, ते सगळे माझ्या कार्डाचा थोडा थोडा खर्च उचलतात. शेजारच्या गावचा शेतकरी गोठ्याच्या दाराला लावायला एक लिटर तेलरंग नेतो. त्या डब्यातही माझं टोकन आहे.

हे मी कल्पनेने रचत नाही. अमेरिकेत बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१०मध्ये हिशेब मांडला होता. रोखीने व्यवहार करणारं सरासरी कुटुंब कार्ड वापरणाऱ्यांना वर्षाला १४९ डॉलर देतं आणि कार्ड वापरणारं कुटुंब १,१३३ डॉलर मिळवतं, असा त्यांचा आकडा होता. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे, यूपीआयमुळे तर फारच. पण पैसा कुठून कुठे वाहतो ती दिशा बदलायला यूपीआय पुरत नाही, कारण गल्ल्यावर किंमत एकच असते.

आणि हे झालं फक्त दुकानदाराचं. दुसरा घरमालक त्याच्याहून वाईट अवस्थेत आहे.

हॉस्टेलमधला माझा एक मित्र. नोकरी गेली, चार महिने दुसरी मिळाली नाही, कार्डावर ५०,००० राहिले. दर महिन्याला ‘मिनिमम ड्यू’ भरत राहिला, कारण मेसेजमध्ये तोच आकडा ठळक असतो आणि तो भरला की फोन येत नाहीत. आपल्याकडे कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, वर्षाला ४२. पन्नास हजारांवर महिन्याचं व्याज १,७५०, त्यावर जीएसटी ३१५. त्याने पाच टक्क्यांनी २,५०० रुपये भरले की २,०६५ तिथेच जिरणार आणि मुद्दल फिटणार ४३५. चार वर्षं बी.ई.ला गणितं केलेला माणूस, तरी त्याला हे कळायला पाच महिने लागले, कारण अडचणीतला माणूस गणित करत नाही, तारीख बघतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८मध्ये म्हटलं होतं की ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये तो निर्णय रद्द केला. कायदा काय म्हणतो ते म्हणो, त्याच्या त्या २,०६५ रुपयांवर बँकेचं जे दुकान चालतं त्याच दुकानातून मला लाउंजमध्ये दोन रुपयांत जेवण मिळतं. अमेरिकेतल्या कार्डधंद्यात माझ्यासारख्या दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याला कुचेष्टेने ‘डेडबीट’ म्हणतात, म्हणजे फुकट्या. बँकेने तरी मला बरोबर ओळखलंय.

या सगळ्याची सुरुवात कशी झाली ते बघितलं तर पप्पांची उपमा आणखीच पटते. अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१मध्ये अ‍ॅडव्हान्टेज नावाची योजना काढली. वारंवार उडणाऱ्याला माइल्स, माइल्सवर तिकीट. वारंवार उडणारा कोण? कंपनीच्या कामासाठी जाणारा माणूस. तिकिटाचे पैसे कंपनी देणार, विमान निवडणार कर्मचारी, आणि माइल्स कर्मचाऱ्याचे. हेच बादलीतलं टोकन. दुसऱ्याच्या पैशाने खरेदी करणाऱ्याच्या हातावर थोडं काही ठेवलं की तो महाग वस्तूबद्दल कुरकुर करत नाही, एवढ्या एका जुन्या शहाणपणावर हा डोलारा उभा आहे. पुढे विमान कंपन्यांनी हे माइल्स बँकांना विकायला सुरुवात केली आणि त्यात उडवण्यापेक्षा जास्त कमाई दिसायला लागली. कोविडमध्ये विमानं जमिनीवर होती तेव्हा युनायटेडने जून २०२०मध्ये आपली मायलेजप्लस योजना तारण ठेवून ५ अब्ज डॉलर उभे करायचं जाहीर केलं. योजनेची किंमत तेव्हा जवळपास २२ अब्ज डॉलर धरली होती, म्हणजे शेअर बाजारात अख्ख्या कंपनीची जी किंमत होती तिच्या वर. विमानांपेक्षा टोकनांची किंमत जास्त!

‘मी नाही घेतले तर ते पैसे बँकच ठेवेल, पप्पांना थोडेच परत मिळणार?’ हा आमच्या टेलिग्राम ग्रुपवरचा सगळ्यात आवडता युक्तिवाद आहे, आणि तो खरा आहे. मी उद्या कार्ड कापून टाकलं तर कराडच्या दुकानात एक रुपया वाढणार नाही. म्हणून मी कार्ड कापलेलं नाही आणि तुम्हालाही कापा म्हणत नाही. पण हाच युक्तिवाद एसटीतल्या बाईलाही लागू आहे, हे ग्रुपवर कुणी म्हणत नाही. योजना आहे, तिने घेतली. तिला मात्र आपण स्वाभिमान शिकवतो.

दुसरा युक्तिवाद अभ्यासाचा. ‘आम्ही रात्र रात्र बसून नियम वाचतो, तक्ते करतो, ही हुशारीची कमाई आहे.’ मलाही असंच वाटायचं. एक्सेलमध्ये ‘पैसे प्रति पॉइंट’ असा रकाना होता आणि त्यात १.८ च्या वर आकडा गेला की मला परीक्षेत पहिला आल्यासारखं वाटायचं. आता वाटतं, ही हुशारी रंगाऱ्याचीच आहे, कुठल्या बादलीत मोठं टोकन ते त्यालाही पाठ असतं. पण रंगारी निदान भिंत रंगवतो.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते आणखी वेगळं आहे. पप्पांना २०२१मध्ये साठ वर्षं पूर्ण झाली. रेल्वेत साठ वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या बायकांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२०मध्ये ती थांबली आणि परत सुरू झाली नाही. म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जाताना जी सवलत त्यांच्या वडलांना मिळाली ती त्यांना कधीच मिळाली नाही. यावर आमच्या टेबलावर एक शब्द निघाला नव्हता, कारण टेबलावरच्या कुणाचेही आई-वडील आता स्लीपरने जात नाहीत. प्रत्येकाने आपापल्या घरच्यांना उचलून वेगळ्या रांगेत उभं केलंय. मीही तेच केलं. कंबर दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला नीट बसता येईल अशी एसटी, लोअर बर्थची खात्री, फलाटावर चालू असलेला सरकता जिना, हे मागायला आवाज लागतो, आणि आवाज असलेली माणसं लाउंजच्या रांगेत उभी आहेत. ती रांगही आता स्वारगेटला लाजवेल अशी असते. परवा एका लाउंजमध्ये पोह्यांसाठी ताट घेऊन वीस मिनिटं उभा होतो. समोरचे काका म्हणाले, ‘फुकट आहे म्हणून लोक तुटून पडतात.’ त्यांच्या ताटात चार वडे होते.

तुमचं म्हणणं तरी काय, असं विचाराल तर सांगतो. युरोपीय संघाने २०१५मध्ये कार्ड देणाऱ्या बँकेला दुकानदाराच्या बाजूने मिळणाऱ्या हिश्श्यावर मर्यादा घातली, क्रेडिट कार्डाला ०.३ टक्का. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डाच्या आकाराला २०१८पासून कमाल मर्यादा घातली आहे, लहान दुकानदाराला ०.४ टक्के आणि मोठ्याला ०.९. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. ती घाला. निदान वर्षाला अमुक उलाढालीच्या आतल्या दुकानांना तरी घाला. किंवा मग पप्पांना पाटी लावू द्या : रोख, यूपीआय ३७,२४०, कार्ड ३८,०००. ज्याला आडवं झोपून जायचंय तो ३८,००० देईल. यातलं काहीही झालं तर माझे पॉइंट निम्म्यावर येतील, बिझनेस क्लास बहुधा कायमचा जाईल. टेलिग्राम ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा मला आधी हसण्याचे इमोजी आले आणि मग एकाने विचारलं, ‘तुझी बँक कुठली, तिथे काही झालंय का?’

मला हे लिहिणं सोपं आहे, कारण सिंगापूर होऊन गेलंय, हेही एकाने सुनावलं. त्याचं बरोबर आहे. आईला आता काशीला जायचंय आणि माझी बोटं आपोआप त्या एक्सेलकडे जातात.

गेल्या आठवड्यात बँकेचा मेसेज आला की १८,४०० पॉइंट महिन्याच्या शेवटी संपणार आहेत. तेवढ्यात माइल्स करून काही उपयोग नव्हता. मी घरी फोन केला, काही हवंय का, फुकट मिळतंय. म्हणजे तोंडातून तोच शब्द निघाला. आई म्हणाली, मला काही नको, मिक्सर आहे. पप्पा फोनवर आले. कार्डाच्या मशीनचं बँक महिन्याला भाडं घेते, ते या पॉइंटांत भरता येतं का, एवढं बघ म्हणाले.

मी बघितलं. चार भाड्यांची ट्रॉली बॅग होती, एअर फ्रायर होता, हॉटेलांचे आणि कपड्यांचे व्हाउचर होते, एका जागी चांदीचं नाणंही होतं. मशीनचं भाडं नव्हतं. शेवटी ट्रॉली बॅग मागवली. कराडच्या पत्त्यावर.